नऊ हात पाणी

वैशाखातली सकाळ होती. अकोल्यात घरामागच्या अंगणात मी कूलर उघडून बसलो होतो. जुना वाळा काढायचा, टाकीतला क्षार खरवडायचा, मोटरला तेल द्यायचं, हे काम मी दरवर्षी उशिरा करतो आणि दरवर्षी त्याबद्दल बायकोची बोलणी खातो. हात तेलकट होते म्हणून फोन तिनंच उचलला आणि माझ्या कानाला लावला. पलीकडे भाची होती, वर्षा. "मामा, बाबा गेले... चहा पिऊन उठले, दारात आले अन् तिथंच खाली बसले. बस, तेवढंच." मी विचारलं, "ताई काय करून राहिली?" "बाबांची पिशवी रिकामी करून राहिली," वर्षा म्हणाली. मी कूलर तसाच उघडा टाकून निघालो. अकोट, अंजनगाव करत परतवाड्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि समोर मेळघाटचे डोंगर नेहमीसारखे धुरकट दिसत होते. पिशवी अजून माझ्या बहिणीच्या, सुमनताईच्या, मांडीवरच होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं भाऊजी चिखलदऱ्याकडे जाणार होते. पिशवीत वही, पेन्सिल, दोरी, टोपी, गुळाचा खडा आणि दोन कांदे होते. एवढ्याच सामानावर हा माणूस चाळीसेक वर्षं डोंगरात जात होता.

माझे भाऊजी, गुणवंतराव ढोके, परतवाड्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. मूळचे अंजनगावकडचे, काळ्या मातीतले. घरी कापूस, तूर आणि चार बैल. त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. लोक भेटले की सांगतात, सर फार मोठे होते, सर देवमाणूस होते. मला तसं काही लिहिता येणार नाही. मी त्यांचा साळा. साळ्याला भाऊजी देवमाणूस वाटले तर त्या नात्यात काही राम उरत नाही. शिवाय मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात जन्म घालवला. माप चुकलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही, आणि या लेखात सांगायची गोष्ट नेमकी तीच आहे. भाऊजी चांगले होते, हट्टी होते आणि एका बाबतीत बरीच वर्षं साफ चुकले होते. ती चूक मी पकडली. पकडली तेव्हा मला घटकाभर बरं वाटलं होतं, हेही इथंच लिहून टाकतो.

चिखलदऱ्याच्या पठारावर येणारे पाहुणे दोन-चार तलाव बघतात, मक्याचं कणीस खातात आणि उतरतात. भाऊजींना त्या तलावांचं फारसं अप्रूप नव्हतं. त्यांचा जीव लहान पाण्यांत होता. ओढा खडकावरून पडतो तिथं खाली झालेलं कुंड, वळणावरचा डोह, कड्याच्या पोटातून पाझरणारा झिरा, अशी बारा-तेरा पाणी त्यांनी पायी हिंडून शोधली होती. त्यांतल्या निम्म्यांना तर नावंही नव्हती. एखाद्याला तळं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नवा साळा म्हणून ते मला कौतुकानं वर घेऊन गेले. एका पाण्याजवळ मी सहज म्हणालो, "काय छान तळं आहे!" ते चालता चालता थांबले. "दिनकर, उन्हायात आटते ते पानी, अन् आटत नाई तो डोह. हा डोह आहे." एवढं बोलून पुढचा अर्धा तास ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि गंमत अशी की या माणसाला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाण्यात ते कधी उतरले नाहीत. खडकावर पालथं पडायचं, मान पुढे काढायची आणि दोरी सोडायची, एवढाच त्यांचा पाण्याशी संबंध.

त्या दोरीबद्दल आता सांगायला हवं. ती त्यांच्या घरच्या कापसाची होती. त्यांच्या वडिलांनी बैलांचे कासरे वळता वळता ही वीस हातांची बारीक दोरी वळून दिली होती. भाऊजींनी तिच्यावर दर हाताला लाल दोऱ्याची खूण बांधली. हात म्हणजे त्यांचा स्वतःचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. माणूस सहा फुटी, त्यामुळे हातही तसाच लांब. टोकाचं लोखंडी वजन मात्र माझं. वर्कशॉपच्या भंगारातून एक तुकडा घेऊन मी तो लिंबाएवढा गोल घासला आणि वर कडी बसवून दिली. प्रत्येक पाण्याच्या काठच्या खडकावर त्यांनी छिन्नीनं एक फुली कोरली होती. अक्षय तृतीया झाली की वर जायचं, फुलीपासून तळापर्यंत दोरी सोडायची, खुणा मोजायच्या आणि वहीत लिहायचं. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, नायलॉनची दोरी आणून देतो. ही कधीतरी कुजेल." ते म्हणाले, "मोजायचं साधन बदललं तं तुलना कायची करू? दोरी तीच पायजे." बोलणं शास्त्राला धरून होतं. मलाही पटलं आणि मी गप्प बसलो. आता वाटतं, गप्प बसायला नको होतं...

त्यांच्या यादीतलं सगळ्यांत लाडकं पाणी म्हणजे मोहडोह. वर दोन जुनी मोहाची झाडं, खाली काळा खडक आणि त्यात हिरवं, गार पाणी. जवळच कोरकू लोकांचा एक ढाणा आहे, म्हणजे वीसेक घरांची वस्ती. उन्हाळ्यात ती सगळी वस्ती या एका पाण्यावर जगते. तिथला हिरालाल बेठेकर भाऊजींच्याच वयाचा. भाऊजी खडकावर पालथे पडले की हिरालाल मागे उकिडवा बसून त्यांचे पाय धरायचा. दोघांची दोस्ती होती, पण बोलणं फारसं नसायचं. मोहडोहाचं माप दरवर्षी नऊ हात येई. पहिल्या वर्षी नऊ, दहाव्या वर्षी नऊ, पंचविसाव्या वर्षीही नऊ. भाऊजींना त्याचा केवढा अभिमान! बाकीची कुंडं कमीजास्त व्हायची, मोहडोह मात्र जागचा हलला नाही, असं ते वर्गात सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे, आणि कोणी नसलं की माझ्या बहिणीला सांगायचे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ढाण्यातल्या लोकांनी मोहडोहातला गाळ काढून मिळावा म्हणून एका कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या साहेबांना कोणीतरी सांगितलं की परतवाड्याच्या ढोके सरांकडे या पाण्याची कैक वर्षांची मापं आहेत. साहेबांनी सरांना मानानं वर डोहापाशी बोलावलं. मीही त्या दिवशी बरोबर होतो. भाऊजींनी वही उघडून दाखवली. नऊ, नऊ, नऊ... साहेब म्हणाले, मग गाळ भरलाच नाही की! हिरालाल बाजूला उभा होता. तो पुढे आला. "सर, डोह बुजून राहिला. आमी लहान होतो तवा बुडी मारून तयाच्या जात्याले हात लावो." जातं म्हणजे तळाशी असलेला एक गोल, सपाट दगड. "आता पोट्टे बुडी मारते तं हातात चिखल येते. जातं गायब हाय." भाऊजी हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, शिक्षक जसे हसतात तसे हसले. म्हणाले, "हिरालाल, लहानपनीचं मानसाले नीट आठवत नाई. दोरी खोटं बोलत नाई." साहेबांनी मान डोलावली. गाळ काढायचं काम दुसऱ्या कुठल्या तरी तलावाला गेलं. परतताना हिरालालनं नेहमीसारखे मूठभर मोह पानात बांधून दिले, पण गाडीपर्यंत पोचवायला तो आला नाही. ते माझ्या लक्षात आलं. भाऊजींच्या आलं की नाही, कोण जाणे.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला आणि वैशाखात मोहडोह आटला. आटत नाही तो डोह, असं म्हणणारा माणूस त्या कोरड्या खड्ड्याच्या काठावर कसा उभा राहिला ते मी पाहिलेलं नाही, मी त्या वेळी अकोल्यात होतो. ताई सांगते, घरी येऊन त्यांनी वहीत फक्त 'पाऊस कमी' असं लिहिलं. ढाण्यातल्या बाया त्या उन्हाळ्यात खालच्या दरीतून पाणी आणत होत्या, उतरायला तास आणि चढायला दीड. एका बाईचा तिथं पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ती हिरालालची सून होती. हे भाऊजींना माहीत होतं. तरी तेव्हा ते पावसालाच दोष देत होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

त्याच वर्षी खंडेनवमीला मी परतवाड्याला होतो. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. मी माझं व्हर्निअर आणि कानशी पुसून पाटावर ठेवतो, शेतकरी विळे-कुदळी ठेवतात. भाऊजींचं हत्यार म्हणजे ती दोरी. पूजेआधी ती धुवायची, हा त्यांच्या घरचा नेम, आणि धुवायचं काम ताईचं. मी ओसरीवर बसून पाहत होतो. ताईनं चुलीवर पातेलं चढवलं, पाण्यात रिठे टाकले, पाणी खळखळ उकळलं तशी दोरीचं वेटोळं त्यात सोडलं आणि लाकडानं दाबलं. वाफ माझ्या तोंडावर आली... मी विचारलं, "ताई, दरसाल अशीच धुतेस?" "त काय! चिखल केवढा असते तिले. मंग उन्हात वायू घालते." मी उठलो. पिशवीतून स्टीलचा टेप काढला. सुती कापड उकळत्या पाण्यात घातलं की आटतं, हे शिंप्याला कळतं, धोब्याला कळतं. तीस वर्षं मापं शिकवणाऱ्या मला ते त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

दोरी वाळेपर्यंत मी थांबलो. मग ती ओसरीवर ताणून धरली आणि भाऊजींना हाक मारली. "काय करून राहिला रे?" ते बाहेर आले. मी म्हटलं, "जरा हात ठेवा इथं." त्यांनी कोपर एका लाल खुणेवर ठेवलं आणि बोटं पसरली. बोटं पुढच्या खुणेच्या तीन बोटं पुढे गेली. त्यांनी हात उचलला आणि दुसऱ्या खुणेवर ठेवला. तिथंही तेच. मग तिसऱ्या, चौथ्या... नवव्यापर्यंत ते गुडघ्यांवर सरकत गेले. मी टेपनं हिशेब सांगितला: नऊ हात म्हणून आपण जे मोजतो, ते आता आठही भरत नाहीत. डोह वर्षाला थोडा थोडा भरत गेला होता आणि दोरीही वर्षाला थोडी थोडी आटत गेली होती. दोन्ही बरोबरीनं आखूड झाले, म्हणून वहीत आकडा तोच राहिला. बोलताना माझा आवाज नको इतका उत्साही झाला होता. बरोबर ठरण्याचा आनंद फार वाईट असतो, तो समोरच्याचं तोंड बघू देत नाही. मी पाहिलं तेव्हा भाऊजींचा चेहरा उतरला होता. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती, हात अजून ओले. ती म्हणाली, "म्या धुतली म्हून झालं का?" भाऊजी खालीच बसलेले होते. "नाई. धुवाले मी सांगतलं होतं. पूजा माही होती."

त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक होता. कोणी धड जेवलं नाही. दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि मला शहाणपणाचं वाटलं ते बोललो. म्हटलं, "भाऊजी, झालं ते झालं. हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. नवी दोरी करू, पुढची मापं नीट घेऊ. आता कोणाला सांगून काय उपयोग? तीस वर्षांच्या वह्या पाण्यात जातील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्या मुलानं सोपं उत्तर चुकवलं की शिक्षक पाहतात तसं. "दिनकर, हिरालालची सून अजून काठी घेऊन चालते."

दुसऱ्या दिवशी दसरा. गावात सगळे सोनं वाटत फिरत होते. भाऊजींनी खिशात आपट्याची पानं भरली, काखेत दोरी मारली, मला उठवलं आणि आम्ही जीपनं वर गेलो. हिरालाल अंगणात खाट विणत बसला होता. भाऊजींनी त्याच्या हातात पानं दिली. एरवी हिरालाल पाया पडायचा. त्या दिवशी तो वाकायच्या आत भाऊजीच वाकले. तो गडबडून मागे सरकला. भाऊजी म्हणाले, "हिरालाल, तुहं जातं खरं होतं. माही दोरी खोटी निंघाली." मग त्यांनी सगळं सांगितलं, रिठ्यांसकट. मला वाटलं होतं हिरालाल म्हणेल, जाऊ द्या सर, होते असं. तो तसं म्हणाला नाही. बराच वेळ खाटेची सुतळी ओढत राहिला आणि मग म्हणाला, "मी तं सांगूनच राहिलो होतो, सर. तुमी हासले." भाऊजी म्हणाले, "हो. हासलो." तेवढ्यात ती सून काठी टेकत आली आणि आमच्यासमोर कोरा चहा ठेवून गेली. भाऊजींनी कप हातात घेतला, पण तो थंड होईपर्यंत त्यांना पिता आला नाही. निघताना हिरालाल म्हणाला, "मंग आता हे लिवून द्या साहेबाले."

त्यांनी लिहून दिलं. अर्जाची भाषा मला पाठ आहे, कारण त्याची नक्कल मीच काढून आणली. 'मी दिलेली मापे चुकीची आहेत. चूक माझ्या साधनाची व माझी आहे. ग्रामस्थांचे म्हणणे बरोबर होते.' सोबत सगळ्या वह्या. कार्यालयात तोवर साहेब बदलले होते, वह्या एका कपाटावर जाऊन पडल्या. भाऊजी महिन्यातून एकदा जाऊन बसायचे. शेवटी वह्या परत मिळाल्या, काम मंजूर झालं नाही. मग ढाण्यातल्या लोकांनी स्वतःच ठरवलं आणि पुढचे दोन उन्हाळे डोह उपसला. रांग लावून टोपली हातोहात वर. सत्तरी गाठलेले भाऊजी रविवारी जायचे आणि रांगेत उभे राहायचे, हिरालालच्या शेजारी. दुसऱ्या वर्षी जातं लागलं. मी होतो तेव्हा. हिरालालनं खालून हाक मारली, "सर, उतरा!" पाण्याला भिणारा हा माणूस शिडीवरून त्या कोरड्या डोहाच्या तळाशी उतरला आणि त्या गोल दगडावर उभा राहिला. वरून एवढासा दिसत होता. हिरालालनं त्यांचा दंड धरला होता. दोघं काही बोलत होते, पण वर ऐकू आलं नाही. काय बोलले ते मी नंतर विचारलं नाही. आता विचारायला हवं होतं असं वाटतं...

त्यानंतर ते मी आखून दिलेल्या नायलॉनच्या दोरीनं मोजू लागले. जुनी दोरी त्यांनी फेकली नाही. अभ्यासाच्या खोलीत, खुर्चीत बसलं की समोर येईल अशा खिळ्याला ती टांगली आणि तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. फळ्यावरच्यासारखं गोल अक्षर: 'ही दोरी आखूड आहे. हिने मोजू नये.' घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. मला ते ऐकून लाज वाटायची. त्यांना वाटत नव्हती, किंवा वाटत असूनही ते सांगत होते. दोन्हींत फार फरक आहे असं आता मला वाटत नाही. मला त्यांची आठवण येते. जेवताना येते, टेप हातात घेतला की येते. त्यांच्याइतकं सरळ मला होता आलं नाही.

तेरवीला हिरालाल आला होता. जेवला, ताईसमोर जरा वेळ बसला आणि म्हणाला, "वहिनी, यंदाचं माप राह्यलं." तो गेल्यावर ताई खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. तिनं खिळ्यावरची जुनी दोरी काढली. मी म्हणालो, "ती नको, ताई. नायलॉनची तिकडे आहे." तिनं ऐकलं नाही. टेबलावर दोरी सरळ केली, एका लाल खुणेवर कोपर ठेवलं आणि बोटं पसरली. बोटाचं टोक पुढच्या खुणेवर बरोबर बसलं. दुसऱ्या खुणेवर ठेवलं, तिथंही बसलं. ती ठेंगणी, भाऊजींच्या खांद्याला लागायची. तीस-बत्तीस वर्षं दरसाल तिनं ती दोरी धुतली होती... "पाह्य दिनू," ती म्हणाली, "माह्या हाताएवढी झाली." आणि मग त्या सबंध तेरा दिवसांत पहिल्यांदा ती रडली. मीही रडलो. वर्षा दारातून आत आली आणि परत गेली.

गेल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, मी ताईला वर घेऊन गेलो. इतकी वर्षं तिनं डोंगरात जाणाऱ्या माणसाचे डबे भरले, पण मोहडोह पाहिला नव्हता. तिला कोणी चल म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. मोहाची झाडं तिनं निरखून पाहिली, पाणी पाहिलं, म्हणाली, "एवढंसंच हाय नं हे!" मग पदर खोचला आणि खडकावर पालथी पडली. हिरालालनं वहिनींचे पाय धरायला संकोच केला, त्याच्या सुनेनं काठी बाजूला ठेवून धरले. ताईनं फुलीपासून ती जुनी दोरी सोडली. लाल खुणा एकामागून एक पाण्यात गेल्या. लोखंड जात्यावर टेकलं तशी दोरी सैल पडली. "अकरा," ताई म्हणाली. वही माझ्या मांडीवर होती. भाऊजींच्या अक्षरातल्या रकान्याखाली मी आकडा लिहिला. पण नुसत्या आकड्याचा काय उपयोग, माप कशाचं तेही पाहिजे. म्हणून पुढे लिहिलं, 'अकरा हात. हात सुमनचा.'